मनाचा ताण आणि पचनाचे आरोग्य

लखनौहून रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. १९८३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेच्या जठरांत्ररोग विभागात अवधबरोबरच पूर्वांचल, बिहार व नेपाळची तराई अशा दूरदूरच्या भागांतून रुग्ण येतात. पोटाची जुनी तक्रार घेऊन आलेल्यांच्या तोंडी काही वाक्ये पुन्हा पुन्हा येतात: 'पेट साफ नहीं होता', 'गैस ऊपर चढ़ती है', 'खाना हज़म नहीं होता'. महाराष्ट्रातील दवाखान्यांत हेच गाऱ्हाणे 'पोट साफ होत नाही', 'गॅस धरतो', 'खाल्लेले अंगी लागत नाही' अशा शब्दांत मांडले जाते. रुग्णाच्या हातातील पिशवीत रक्ताच्या, मलाच्या, सोनोग्राफीच्या आणि दुर्बिणीने केलेल्या तपासण्यांचे अहवाल असतात. त्यांपैकी बहुतेकांत दोष आढळला नाही असाच शेरा असतो. ज्या दवाखान्यांच्या पायऱ्या त्याने आधी झिजविलेल्या असतात, तेथे त्याला बहुधा एकच उत्तर मिळालेले असते. 'तुम्हांला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका.'

या उत्तराचे दोन भाग आहेत. त्यांपैकी पहिला भाग चुकीचा आहे, आणि दुसरा अपुरा आहे. रुग्णाला काहीतरी निश्चितच झालेले असते. केवळ ते डोळ्यांना व यंत्रांना दिसणाऱ्या जखमेच्या वा गाठीच्या स्वरूपात नसते. आणि मनावरील ताण हा त्या विकाराचा एक घटक असला, तरी ताण घेऊ नका असे सांगितल्याने तो नाहीसा होत नाही, व आतड्यात जे बदल घडून गेले आहेत तेही त्यामुळे मागे फिरत नाहीत. हे बदल कोणते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चिंता आणि पचन यांचा संबंध भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात असे सांगितले आहे की, पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. याच ग्रंथात अतिसाराचे जे सहा प्रकार वर्णिले आहेत, त्यांत भयाने होणारा व शोकाने होणारा असे दोन प्रकार वेगळे मानले आहेत. लखनौ हे युनानी वैद्यकाचेही एक मोठे केंद्र होय. हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये तेथे तकमील-उत्-तिब ही शिक्षणसंस्था काढली. युनानी वैद्यकात आरोग्यास आवश्यक मानलेल्या सहा गोष्टींत हवा, अन्नपाणी, झोप यांच्याबरोबरच मनाची हालचाल व मनाची विश्रांती हीही एक गणली जाते. सामान्य मराठी माणसाने यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. भीतीने त्याच्या पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात खड्डा पडतो, आणि राग आला की पित्त खवळते.

असे असले तरी निरीक्षण आणि कारणमीमांसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवंत माणसाच्या जठरात डोकावून पाहण्याची संधी मिळाल्याखेरीज दुसरीकडे वळणे शक्य नव्हते. ती संधी एका अपघाताने मिळाली.

उघड्या जठराची साक्ष

१८२२ च्या जून महिन्यात उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार उडाला. तो वाचला, पण जखम पूर्णपणे भरून न येता जठराला बाहेरून एक कायमचे छिद्र राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमॉन्ट यांनी त्या छिद्रातून दोनशेहून अधिक निरीक्षणे केली व ती १८३३ मध्ये प्रसिद्ध केली. सेंट मार्टिन रागावला असता त्याच्या जठरात पित्त आलेले दिसे आणि पचनाची गती बिघडे, अशी त्यांत नोंद आहे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या प्रयोगांसाठी पोट उघडे ठेवावे लागलेल्या या माणसाला राग येण्याची कारणे कमी नसावीत.

पुढे १८९६ पासून हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांचा उपयोग करून मांजरांच्या जठराची हालचाल पाहिली. अन्नात बिस्मथ मिसळले की जठराची आकृती पडद्यावर दिसे, आणि तिच्यावरून एकामागून एक जाणाऱ्या लाटाही दिसत. मांजर चिडले वा घाबरले की त्या लाटा एकदम थांबत. ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. संकटसमयी प्राण्याचे शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते, हा कॅनन यांचा प्रसिद्ध सिद्धान्त अशाच निरीक्षणांतून आकारास आला.

तिसरी साक्ष न्यूयॉर्कमधील टॉम या नावाने वैद्यकाच्या इतिहासात राहिलेल्या गृहस्थाची. लहानपणी कढत सूप गिळल्याने त्याची अन्ननलिका बंद झाली होती व पोटावर केलेल्या छिद्रातून तो अन्न घेत असे. स्ट्युअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ या डॉक्टरांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेतच काम दिले आणि १९४३ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने मांडली. टॉम भ्याला की त्याच्या जठराचे अस्तर फिके पडे व आम्ल कमी होई. तो मनात धुमसत असला की तेच अस्तर लालबुंद होई व आम्ल वाढे. म्हणजे भय आणि राग यांचा परिणाम एकसारखा नसतो. 'ताण' या एकाच शब्दाखाली आपण ज्या अनेक मनःस्थिती कोंबतो, त्या जठराला मात्र वेगवेगळ्या ओळखता येतात.

पोटातील मज्जासंस्था

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या नळीच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी पसरलेली असतात. त्यांतील पेशींची संख्या काही कोटींच्या घरात आहे. मेंदूशी असलेला संबंध तोडला तरी आतड्याचा एखादा तुकडा अन्न पुढे ढकलण्याची हालचाल आपल्या आपण करू शकतो, ती या जाळ्यांमुळेच. शरीरातील सेरोटोनिन या रासायनिक द्रव्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पचनमार्गात असतो, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मात्र ही संस्था मेंदूपासून स्वतंत्र नाही. प्राणेशा तंत्रिका ही मेंदू व पोट यांना जोडणारी मुख्य वाट होय. तिच्यातील बहुसंख्य तंतू मेंदूचे हुकूम खाली नेत नसून पोटाची खबर वर पोहोचवीत असतात, हे कळल्यावर शास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटले होते. पोट आणि मन यांच्यामधील वाहतूक दुहेरी आहे, व तिची वरच्या दिशेची वर्दळ अधिक आहे.

आता परीक्षेच्या सकाळी विद्यार्थ्याचे काय होते ते पाहावे. त्याला घास जात नाही, पोट भरल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी त्याला दोन-तीनदा शौचास जावे लागते. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. मेंदूच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग ताणाच्या प्रसंगी सीआरएफ हे द्रव्य सोडतो. अमेरिकेतील साल्क संस्थेत वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याची रचना उलगडली. अधिवृक्क ग्रंथींपर्यंत संदेश पोहोचवून कॉर्टिसॉल वाढविणे हे त्याचे मुख्य काम. परंतु त्याचा पचनमार्गावरही परिणाम होतो: जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते, आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. वरचे दार बंद व खालचे उघडे, अशी ही स्थिती असते. पळण्याच्या तयारीत असलेल्या प्राण्याला नव्या अन्नाचा उपयोग नसतो, आणि जुन्याचे ओझे नको असते.

प्रसंग टळला की हे सर्व पूर्ववत होते. घोटाळा होतो तो प्रसंग टळत नाही तेव्हा. बेल्जियममधील लूव्हेन येथे निरोगी स्वयंसेवकांना श्रोत्यांपुढे भाषण करावयास लावण्यात आले. या प्रयोगाचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे कॉर्टिसॉल वाढले त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर तेवढ्या काळापुरते अधिक पाझरते झाल्याचे आढळले. अस्तरातील मास्ट पेशींना आवर घालणारे औषध आधी दिले असता हा परिणाम दिसला नाही. मनातील धास्ती आतड्याच्या भिंतीपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, त्याचा एक टप्पा येथे हाती लागतो.

आतड्यातील सूक्ष्मजंतूंचाही या व्यवहारात वाटा आहे. जपानमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांना कोंडून ठेवले असता त्यांच्या शरीराने नेहमीच्या उंदरांपेक्षा कितीतरी तीव्र प्रतिक्रिया दिली. लहान वयातच त्यांच्या आतड्यात एक विशिष्ट उपकारक जंतू सोडल्यावर ती सौम्य झाली. यावरून दह्याची एक वाटी खाल्ली की चिंता मिटते, असा जो अर्थ जाहिराती काढतात, तो मात्र या प्रयोगातून निघत नाही. उंदीर व माणूस यांत अंतर आहे, आणि एक जंतू म्हणजे दही नव्हे.

व्रणाचा धडा

ताणाला किती दोष द्यावा, याविषयी सावध का राहावयास हवे, हे जठरव्रणाच्या इतिहासावरून चांगले कळते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की, उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम असा कोणताही जाच झाला तरी त्यांच्या शरीरात ठराविक बदल होतात, आणि जठरातील व्रण हा त्यांपैकी एक असतो. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाल्यावर व्रण फुटून रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढली. पुरावा भक्कम होता. तेव्हा व्रण म्हणजे काळजी करणाऱ्या माणसाचा रोग, असे समीकरणच होऊन बसले. दूध, मऊ भात, विश्रांती आणि 'मनाला लावून घेऊ नका' असा उपदेश, यांवर रुग्णांच्या दोन पिढ्या गेल्या.

ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू वेगळा केला आणि हे समीकरण कोसळले. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे मिश्रण स्वतः प्राशन केले व जठरदाह ओढवून घेतला. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना वर्षानुवर्षे स्वभाव बदलण्याचा सल्ला दिला गेला होता, अशा असंख्य रुग्णांचे व्रण प्रतिजैविकांच्या एक-दोन आठवड्यांच्या मात्रेने बरे होऊ लागले.

तथापि लंबक दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवणेही बरोबर नाही. भारतात हा जंतू फार मोठ्या संख्येने प्रौढांच्या जठरात आढळतो. व्रण मात्र त्यांपैकी थोड्यांनाच होतो. जानेवारी १९९५ मध्ये जपानच्या कोबे परिसरात भीषण भूकंप झाला, त्यानंतर तेथे रक्तस्रावी व्रणांचे रुग्ण वाढले. जंतू आधीपासून होताच. भूकंपाने नवा जंतू आणला नव्हता. ताण एकटा क्वचितच रोग निर्माण करतो, पण जेथे भिंत आधीच पोखरलेली असते तेथे तो धक्का देतो.

लखनौचा अनुभव

पुन्हा सुरुवातीच्या रुग्णाकडे वळावयास हवे. त्याच्या विकाराला वैद्यकात 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', थोडक्यात आयबीएस, असे नाव आहे. आतडे दिसावयास निरोगी असते, पण त्याची हालचाल कधी अतिवेगाने तर कधी अतिमंद होते, आणि त्याची संवेदना तीव्र झालेली असते. मोठ्या आतड्यात फुगा घालून तो हळूहळू फुगविला असता निरोगी माणसाला ज्या आकाराने काहीच वाटत नाही, त्याच आकाराने या रुग्णांपैकी अनेकांना वेदना होतात. वेदना खरी असते. आतड्यातून वर जाणारी खबर वाटेत मोठी होते, आणि ताणाच्या काळात मेंदू तिच्याकडे अधिकच कान देतो.

या विकाराची व्याख्या पाश्चात्त्य देशांत झाली. लखनौच्या संस्थेतील तेव्हाचे प्राध्यापक डॉ. उदय घोषाल यांच्या पुढाकाराने भारतीय जठरांत्ररोग परिषदेच्या कार्यगटाने देशातील अनेक रुग्णालयांतून माहिती गोळा केली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. २,७८५ रुग्ण व समाजातील ४,५०० व्यक्ती यांची ही पाहणी होती. समाजात या विकाराचे प्रमाण ४.२ टक्के आढळले. पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांत स्त्रिया अधिक असतात. येथे दवाखान्यात आलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुष होते. याचा अर्थ भारतीय स्त्रियांची पोटे अधिक कणखर असतात असा करावयाचा, की त्या दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत असा, हे वाचकास समजण्यासारखे आहे. समाजातील पाहणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखेच होते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. पोटदुखी वा पोटातील अस्वस्थता सुमारे सत्तर टक्के रुग्णांनीच सांगितली. उरलेल्यांच्या तक्रारी पोट साफ न होणे, कुंथावे लागणे, पोट फुगणे अशा होत्या. २०१० च्या आशियाई तज्ज्ञांच्या सहमतिपत्रात म्हणूनच पोट फुगण्याला स्थान देण्यात आले. उलट २०१६ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय रोम निकषांतून 'अस्वस्थता' हा शब्द गाळण्यात आला, आणि आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस वेदना ही अट राहिली. 'गैस चढ़ती है' असे सांगणारा बहराइचचा शेतकरी या व्याख्येत बसत नाही. त्याची पीडा तेवढीच असते. शब्द मात्र वेगळे असतात. व्याख्या शब्दांवर उभी असेल, तर भाषांतराचा प्रश्न हा वैद्यकाचाही प्रश्न ठरतो.

उत्तर प्रदेशाच्या मैदानात आणखी एका गोष्टीचा विचार टाळता येत नाही, ती म्हणजे दूषित पाणी. हगवणीच्या एका तीव्र झटक्यानंतर ती बरी होते, पण आतडे पूर्वीसारखे होत नाही, असे कित्येक रुग्ण सांगतात. कॅनडातील वॉकरटन गावात मे २००० मध्ये अतिवृष्टीनंतर गुरांच्या शेणाने विहिरीचे पाणी दूषित झाले. २,३०० च्या आसपास लोक आजारी पडले व ७ जण दगावले. पुढील दोन-तीन वर्षांत, ज्यांचा आजार नोंदींवरून पडताळता आला त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांत आयबीएसची लक्षणे आढळली. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९९० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासाने या चित्रातील दुसरा रंग भरला. एकाच प्रकारच्या संसर्गातून उठलेल्यांपैकी ज्यांच्या आयुष्यात त्या सुमारास मोठ्या घडामोडी झाल्या होत्या, वा जे आधीच धास्तावलेले होते, त्यांच्या तक्रारी टिकून राहण्याचा संभव अधिक होता. पावसाळ्यातील दूषित पाणी आणि घरातील विवंचना यांची गाठ पडली, की आतड्याला सावरणे जड जाते. व्रणाच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही दुसरी तऱ्हा होय.

याच कारणाने या विभागात 'टेन्शन' हा निष्कर्ष काढण्याआधी इतर शक्यता तपासण्यावर भर दिला गेला. लहान आतड्यात जंतूंची संख्या बेसुमार वाढली आहे काय, हे पाहण्यासाठी रुग्णाला ग्लुकोज पिण्यास देऊन त्याच्या श्वासातील हायड्रोजन मोजतात. माणसाच्या पेशी हायड्रोजन निर्माण करीत नाहीत; तो जंतूंनी साखर आंबविल्यावरच तयार होतो, रक्तात उतरतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. उष्णकटिबंधातील संग्रहणी, जिआर्डिया हा परोपजीवी आणि आतड्याचा क्षय हेही विकार अशाच तक्रारींनी सुरू होऊ शकतात. गहू हे जेथे रोजचे अन्न आहे, त्या उत्तर भारतात सीलिॲक रोगाचाही विचार करावा लागतो. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे या रोगात लहान आतड्याचे अस्तर झिजते. दिल्ली परिसरातील एका पाहणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे शंभरात एकाला तो आढळला. अशा माणसाला मन शांत ठेवण्याचा सल्ला देऊन पोळी चालू ठेवावयास सांगणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. मलातून रक्त जाणे, वजन घटणे, पांडुरोग, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणे, आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी एक जरी लक्षण असेल तरी ताणाकडे बोट दाखविण्यापूर्वी कसून तपासणी झालीच पाहिजे.

हे सर्व वगळून आयबीएस निश्चित झाल्यावर उपचार सुरू होतो, आणि तो एकाच मार्गाने जात नाही. आहारात काय चालते व काय बाधते याची रुग्णाने स्वतः काही आठवडे नोंद ठेवावी. दूध, कांदा, राजमा, गव्हाचे पदार्थ यांतील काही शर्करा काहींच्या आतड्यात आंबून गॅस करतात. परंतु सरसकट सारेच सोडून देऊन शरीर झिजविणारे रुग्णही कमी नाहीत. मनाच्या बाजूने केलेल्या उपचारांना आता चांगला आधार आहे. मँचेस्टर येथील पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ३० रुग्णांवर संमोहनाचा प्रयोग केला व त्यास लक्षणीय यश आले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एका अभ्यासात, २००४ मध्ये, जुलाबप्रधान आयबीएस असलेल्या २२ पुरुषांपैकी काहींना दोन महिने योगासने व प्राणायाम आणि इतरांना नेहमीचे औषध देण्यात आले. योगाचा गट मागे राहिला नाही. संख्या लहान आहे, तेव्हा त्यावरून फार मोठे दावे करू नयेत.

नैराश्यावर दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन हे जुने औषध या विकारात फार कमी मात्रेत वापरतात. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते उपयुक्त ठरले. या मात्रेत ते मनावर नव्हे, तर आतड्यातून वर जाणाऱ्या वेदनेच्या खबरीवर व आतड्याच्या हालचालीवर काम करते. हे आधी समजावून सांगितले नाही, तर रुग्ण घरी जाऊन कागद वाचतो, औषध वेडाचे वा नैराश्याचे आहे असे त्याला कळते, आणि डॉक्टरांनी आपल्याला पुन्हा एकदा 'काही झालेले नाही' असेच सांगितले अशी समजूत करून घेऊन तो तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो.